प्रोग्रेसिव्ह प्रेसची पहिली मांडणी: ९ मि.मी. पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरताना डाय आणि तपासणीचा क्रम कसा ठेवावा?

पितळी_पुंगळी

नमस्कार. मी बऱ्याच काळापासून ९ मि.मी. लुगर काडतुसे सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावर, पुन्हा भरतो. परवाना, पावडर आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, आघाताने पेटणारी टोपी) यांच्या साठवणुकीची मर्यादा यांबाबतचे माझ्याकडचे नियम मी पाळतो, त्यामुळे चर्चा यंत्राच्या मांडणीपुरती ठेवावी, ही विनंती. स्पर्धेच्या सरावासाठी लागणारी काडतुसे जुन्या पद्धतीने वेळेत होत नाहीत, म्हणून पाच स्टेशनांची आणि शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी गोल चकती) आपोआप पुढे सरकणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतली आहे. ती अजून खोक्यातून काढून टेबलावर नुसती ठेवली आहे.

माझी अडचण अशी आहे. सिंगल स्टेज प्रेसवर एक काम सगळ्या पुंगळ्यांवर (काडतुसांच्या पितळी आवरणांवर) पूर्ण केल्याशिवाय मी दुसऱ्या कामाला हात घालत नसे. पावडर भरून झाली की पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या असत, आणि टॉर्चच्या उजेडात त्या सगळ्यांतली पातळी एका नजरेत तुलना करून पाहता येत असे. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर दांड्याच्या एकाच ओढीत पाच पुंगळ्यांवर पाच वेगवेगळी कामे होतात आणि ती तुलना करण्याची संधीच उरत नाही. अशा वेळी कोणती डाय (प्रेसमध्ये वरून बसवायचा साचा) आधी बसवावी, लांबी आणि क्रिम्प (गोळीवर पुंगळीचे तोंड आवळणे) यांची मापे शेलप्लेट भरलेली असताना घ्यावीत की एकच पुंगळी असताना, तिसऱ्या स्टेशनवर पावडर तपासणारी डाय लावणे खरोखर उपयोगाचे आहे का, आणि काम मध्येच थांबवावे लागले तर प्लेटवरच्या पुंगळ्यांचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

लॉकरिंग

पितळी_पुंगळी, प्रश्न योग्य क्रमाने पडले आहेत. मात्र डायच्या आधी टेबलाबद्दल बोलायला हवे. बहुतेक प्रेसवर दांडा मागे ढकलताना, म्हणजे रॅम (शेलप्लेटला वर-खाली नेणारा दट्ट्या) अगदी तळाला गेल्यावर, नवा प्रायमर बसतो. टेबल जरा जरी डुलत असेल, तर हाताचा जोर टेबल हलवण्यात खर्च होतो आणि प्रायमर पूर्ण आत जात नाही. त्यामुळे लाकडी स्क्रूवर भागवू नये. जाड फळीला आरपार भोके पाडावीत, खालून रुंद वॉशर लावून बोल्टने प्रेस आवळावी आणि शक्य असल्यास टेबल भिंतीला जखडून टाकावे. टेबल हलते की नाही हे पाहण्यासाठी फळीवर पाण्याचा पेला ठेवून रिकामा दांडा चालवून पाहावा. पाण्यावर तरंग उठणारच, पण पेला जागचा सरकता कामा नये.

त्यानंतर पावडर आणि प्रायमर खोलीत आणूसुद्धा नयेत. पहिली सगळी मांडणी कोरडी करावी. एकच पुंगळी घ्यावी, ती पहिल्या स्टेशनपासून पाचव्यापर्यंत न्यावी आणि प्रत्येक स्टेशनवर फक्त तिथल्या डायचे माप लावावे. त्या स्टेशनवर काय घडते, दांडा कुठे जड लागतो आणि कुठे हलका, हे हाताला कळल्याशिवाय पुढच्या डायकडे जाऊ नये. पुढे सगळ्या स्टेशनांवर पुंगळ्या असताना पाच जागांचा जोर एकाच दांड्यावर येतो. त्यातला नेमका कोणता विरोध नेहमीचा आणि कोणता वेगळा, हे ओळखायचे असेल तर प्रत्येक स्टेशन आधी स्वतंत्रपणे परिचयाचे व्हावे लागते.

पहिल्या स्टेशनवर पुंगळी पूर्ववत मापाला आणणारी आणि जुना प्रायमर काढणारी डाय असते. कार्बाइडची डाय असेल तर रॅम पूर्ण वर असताना ती शेलप्लेटला टेकेपर्यंत खाली आणावी आणि मग अगदी किंचित मागे घ्यावी. कार्बाइडची कडा कठीण असली तरी ठिसूळ असते आणि प्लेटवर आपटत राहिली तर तिचा टवका उडतो. प्रायमर काढणारी पिन जुना प्रायमर पूर्ण सुटून पडेल इतकीच बाहेर ठेवावी, फार बाहेर असेल तर ती वाकते. कार्बाइडच्या डायला तेल लागत नाही असे सांगतात आणि ते खरेही आहे. तरीही ९ मि.मी.ची पुंगळी किंचित निमुळती असल्यामुळे, शेकडा काही पुंगळ्यांवर जरी वंगणाचा हलका फवारा मारला, तरी दांड्याचा जोर निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो. जोर कमी लागला की प्रेसही कमी हादरते, आणि दुसऱ्या स्टेशनवरची पावडर पुंगळीतून उडत नाही.

दुसऱ्या स्टेशनवर पुंगळीचे तोंड थोडे फाकवून त्याच वेळी पावडर सोडली जाते. तोंड किती फाकवावे, याचे उत्तर गोळीचा तळ त्यात बोटाने सरळ उभा राहील इतकेच असे आहे. त्याहून जास्त फाकवले तर पितळ विनाकारण शिणते आणि पुंगळी पुढच्या डायमध्ये अडकते, तर कमी फाकवले तर गोळी तिरपी जाते आणि मुलामा किंवा शिसे खरवडले जाते. पॉलिमरचा लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्या वापरणार असाल तर त्या तांब्याच्या आवरणाच्या गोळीपेक्षा सहसा जराशा जाड असतात, त्यामुळे तोंड थोडे अधिक आणि थोडे खोलवर फाकवावे लागते. नाहीतर पुंगळीच गोळीला दाबून बारीक करते आणि पुढे पिस्तुलाच्या नळीत शिसे साचू लागते.

चौथ्या स्टेशनवर गोळी बसवावी आणि पाचव्यावर क्रिम्प करावा. ही दोन्ही कामे एकाच डायमध्ये करता येतात, पण पाच स्टेशने असताना तसे करण्याचे काहीच कारण नाही. गोळी अजून खाली जात असतानाच तोंड आवळले गेले, तर पितळेची कडा गोळीला तासते.

क्रिम्प या शब्दाने बरेच जण फसतात. ९ मि.मी. लुगर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणजे हेडस्पेस (काडतूस किती आत जाऊन थांबते ते) तोंडावरच ठरते. त्यामुळे इथे रिव्हॉल्व्हरसारखी कडा आत वळवायची नसते, फक्त आपण आधी फाकवलेले तोंड पुन्हा सरळ करायचे असते. गोळीचा व्यास ९.०२ मि.मी. आणि पितळेची जाडी दोन्ही बाजूंनी सुमारे ०.२८ मि.मी. धरली तर तोंडाजवळ ९.५८ मि.मी. येतात. सामीने (शस्त्रे-काडतुसांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी उत्पादक संस्थेने) ठरवलेली तोंडाची कमाल मर्यादा ९.६५ मि.मी. आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी राहावे. गोळी पकडून ठेवण्याचे काम पहिल्या डायने लहान केलेल्या पितळेचे आहे, क्रिम्पचे नाही. जास्त आवळल्याने पकड वाढत नाही, उलट सैल होऊ शकते, कारण पितळ थोडे परत उसळते आणि गोळीचे शिसे उसळत नाही.

आता तुमच्या मापांच्या प्रश्नाकडे येतो. मापे प्लेट भरलेली असताना घ्यावीत. एकच पुंगळी असताना शेलप्लेट आणि रॅमचा माथा एका बाजूला किंचित कलतो. पहिल्या स्टेशनवर पुंगळी आली की त्या बाजूचा विरोध प्लेटला दुसरीकडे कलवतो आणि चौथ्या स्टेशनवरची खोली बदलते. म्हणून आधी एकाच पुंगळीवर ढोबळ माप लावावे, मग प्लेट भरून तीन-चार नकली काडतुसे, म्हणजे प्रायमर आणि पावडर नसलेली, बनवून अंतिम माप पक्के करावे. लॉक रिंग (डाय जागेवर पक्की धरणारी कडी) आवळताना त्या डायमध्ये पुंगळी असावी आणि दांडा पूर्ण खाली ओढलेला असावा, म्हणजे आट्यांमधली ढिलाई आधीच वरच्या बाजूला दाबली गेलेली असते.

काठावरचा_नेम

लॉकरिंग यांनी मांडणी छान सांगितली. तिसऱ्या स्टेशनबद्दल माझे मत थोडे कडक आहे.

पावडर तपासणारी डाय लावावी, यात वाद नाही. पण ती काय पाहते हे समजून लावावी. तिच्यातली कांडी पुंगळीतल्या पावडरवर टेकून वर उचलली जाते आणि तिची उंची नेहमीपेक्षा फार कमी किंवा फार जास्त झाली, तर खूण दिसते किंवा घंटी वाजते. पावडर पडलीच नाही किंवा दुप्पट पडली, एवढेच ती खात्रीने सांगू शकते. एखाद्या दशांश ग्रेनचा (ग्रेन हे पावडर आणि गोळी तोलण्याचे छोटे एकक) फरक तिला कळत नाही आणि कळावा अशी अपेक्षाही ठेवू नये. घंटी बसवली म्हणून पाहणे सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला पटत नाही. चौथ्या स्टेशनवर गोळी हाताने ठेवण्यापूर्वी पुंगळीच्या तोंडातून आत पाहणे हीच खरी तपासणी आहे. त्यासाठी प्रेसच्या मधोमध छोटा एलईडी दिवा बसवावा आणि उंची अशी ठेवावी की बसलेल्या जागेवरून मान न वाकवता पुंगळीचा तळ दिसेल. अनेक जण उभे राहून काम करतात, त्याचे कारणही हेच आहे. गोळ्या आपोआप पुरवणारे साधन घेण्याचा मोह होईल, पण ते घेतले की गोळी ठेवण्याच्या निमित्ताने होणारे पाहणेही जाते. निदान पहिल्या काळात ते नको.

९ मि.मी.ची पुंगळी लहान असल्यामुळे बहुतेक पावडरींचा दुहेरी भार तिच्यातून उतू जातो किंवा काठाला तरी येतो, आणि त्यामुळे तो दिसतो. मात्र काही घट्ट आणि जलद पावडरींच्या बाबतीत दुहेरी भार आत मावतो. पावडर निवडतानाच, जिचा योग्य भार पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल अशी निवडली, तर तुमचे डोळे तुमच्या बाजूने काम करतात. पुढे रिव्हॉल्व्हरचे .३८ स्पेशल काडतूस भरायचा विचार असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे होते. ते काडतूस १८९८ सालचे, काळ्या पावडरच्या काळात आखलेले आहे. त्याची पुंगळी लांब आहे आणि आजच्या जलद पावडरचा भार तिच्या तळाशी जेमतेम दिसतो. दोन भार पडले तरी गोळी निमूटपणे बसते.

अर्धा_ग्रेन

वरच्या दोन्ही प्रतिसादांत पावडरच्या मापाचा विषय राहिला, म्हणून लिहितो.

प्रेसवरचे मापक पावडर वजनाने नव्हे, आकारमानाने मोजते. त्यामुळे वजन स्थिर येण्यासाठी त्यातल्या पावडरची दाटी स्थिर असावी लागते. हॉपर (मापकावरची पावडरची टाकी) भरल्यावर पहिले दहा-वीस भार तसेच पाडून परत हॉपरमध्ये ओतावेत, म्हणजे पावडर आपल्या जागी बसते. पातळी तिसऱ्या हिश्शाखाली गेली की भर घालावी, कारण वरच्या पावडरचे वजन कमी झाले की खालची दाटी किंचित बदलते. बारीक गोलाकार दाण्यांची पावडर मापकातून पाण्यासारखी वाहते, तर मोठ्या चपट्या पापुद्र्यांची पावडर अरुंद नळीत कमान धरून अडकते. एका पुंगळीत अर्धाच भार आणि पुढच्या पुंगळीत दीड भार, हा प्रकार याच अडकण्यातून होतो. म्हणून एखाद्या पुंगळीत पावडर कमी दिसली तर फक्त तीच बाजूला काढून भागत नाही, तिच्या मागची पुंगळीही काढून तपासावी लागते.

एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. ९ मि.मी.च्या जलद पावडरींचे भार साधारण चार-पाच ग्रेनच्या आसपास असतात, म्हणजे सगळा खेळ पाव-तीन दशांश ग्रॅमचा आहे. घरगुती इलेक्ट्रॉनिक काटा एक दशांश ग्रेनपर्यंत दाखवतो आणि चुकतोही तितकाच. त्यामुळे एकेक भार तोलून मापक लावण्याऐवजी दहा भार एकाच वाटीत पाडावेत, त्यांचे वजन करून दहाने भागावे आणि त्या सरासरीवर मापक लावावे. ते लागले की मग एकेक भार तोलून त्यातला चढउतार पाहावा. काटा सुरू करून काही वेळ तापू द्यावा, पंख्याचा वारा त्याच्यावर येऊ देऊ नये, आणि कामाच्या सुरुवातीला व शेवटी ज्ञात वजनाने तो पडताळावा. काटा ज्या टेबलावर प्रेस आहे त्यावर ठेवू नये. दांड्याच्या प्रत्येक ओढीला त्याचा शून्य हलतो.

भार किती असावा हे इथे कोणालाही विचारू नका आणि कोणी सांगितला तरी वापरू नका. पावडर बनवणाऱ्याने त्याच गोळीसाठी, त्याच वजनासाठी आणि त्याच एकूण लांबीसाठी छापलेला सुरुवातीचा भार घ्यावा आणि तिथून वर जावे. सुरुवातीचा भार छापलेला नसेल तर कमाल भारापेक्षा दहा टक्के खाली सुरू करण्याची रूढ पद्धत आहे. ११५ ग्रेनच्या गोळीचा भार १२४ ग्रेनच्या गोळीला चालत नाही, आणि वजन तेच असले तरी आकार बदलला की गोळी पुंगळीत किती खोल जाते हे बदलते. ९ मि.मी.मध्ये आतली जागा मुळातच थोडी असते. गोळी थोडी जरी ठरल्यापेक्षा खोल गेली तरी दाब झपाट्याने चढतो. सामीची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला या काडतुसात फार वेळ लागत नाही.

आणखी एक. टेबलावर एका वेळी एकच पावडर असावी, काम संपल्यावर ती मूळ डब्यात परत जावी आणि हॉपर रिकामा राहावा. दुहेरी पाया असलेल्या (नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन दोन्ही असलेल्या) पावडरीतले नायट्रोग्लिसरीन हॉपरच्या पारदर्शक प्लास्टिकला हळूहळू पिवळे आणि धुरकट करते. पण खरे कारण ते नाही. महिनाभराने हॉपरमध्ये दिसणारी करडी पावडर कोणती, हे नजरेने ओळखता येत नाही, आणि ओळखता न येणारी पावडर वापरण्याच्या लायकीची नसते.

पितळी_पुंगळी

सर्वांचे आभार. टेबल भिंतीला जखडले आणि नकली काडतुसांवर मांडणी केली. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्लेट भरलेली असतानाही एकूण लांबीत ०.१२ मि.मी.पर्यंत फरक येतो. सिंगल स्टेजवर तो याच्या निम्माही नव्हता. शिवाय मापक पडताळताना असे दिसले की प्लेट पुढे सरकते तेव्हा झटका बसून दुसऱ्या स्टेशनवरून तिसऱ्यावर जाणाऱ्या पुंगळीतली थोडी पावडर प्लेटवर उडते. दाणे प्लेटखाली गेल्यावर ती अडखळूही लागली. गोळ्या १२४ ग्रेनच्या, गोल नाकाच्या आहेत.

लॉकरिंग

झटक्यापासून सुरू करू. प्लेटच्या मधला बोल्ट किती आवळला आहे ते पाहा. तो सैल असेल तर प्लेट डुलते, लांबी बदलते आणि प्रायमरही तिरपा बसतो, तर जास्त आवळला असेल तर प्लेट अडून अडून सरकते आणि शेवटी एकदम सुटून झटका देते. पूर्ण आवळून मग प्लेट हाताने मोकळी फिरेल इतकाच मागे घ्यावा, आणि बोल्टला बाजूने रोखणारा छोटा स्क्रू असेल तर तो विसरू नये, नाहीतर शंभर ओढींत बोल्ट पुन्हा सैल होतो. प्लेट जिथे खटकन बसते तिथे खाली स्प्रिंगवरचा छर्रा असतो. तो कोरडा असेल तर ग्रीसचा एक कण लावावा. एवढे करूनही झटका राहिला तर दांड्याच्या शेवटच्या वीतभर अंतरात हात हळू करावा. पावडरचे दाणे पडतील तेव्हा प्लेट काढून ब्रशने पुसावी, फुंकर मारू नये, कारण फुंकरीने ते नेमके प्रायमरच्या खाचेत जातात.

लांबीच्या फरकाचा मोठा भाग प्रेसचा नसतो. कॅलिपरने आपण गोळीच्या टोकापर्यंत माप घेतो, पण गोळी बसवणारी कांडी टोकाला नव्हे, नाकाच्या बाजूच्या वर्तुळाला टेकते. गोल नाकाच्या गोळ्यांची टोके एकसारखी नसतात, विशेषतः लेप दिलेल्या गोळ्यांची. त्यात मिश्र बनावटीच्या पुंगळ्या असतील तर पहिल्या स्टेशनवर प्रत्येक पुंगळी वेगळा विरोध करते आणि प्लेट वेगळी कलते. एकाच बनावटीच्या काही पुंगळ्या निवडून पुन्हा माप घ्या, फरक लगेच कमी दिसेल. तुमचा भार मधल्या पट्ट्यात असेल तर ०.१२ मि.मी.ने बिघडत नाही. कमाल भाराच्या काठावर असाल तर बिघडते, पण तिथे असण्याचे सरावाच्या काडतुसांना कारण नाही.

लांबी ठरवताना छापील कमाल २९.६९ मि.मी. ही मॅगझिन आणि काडतूस यांची मर्यादा आहे, तुमच्या नळीची नव्हे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नळी बाहेर काढा आणि नकली काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते टक असा आवाज करत पूर्ण आत गेले पाहिजे, बोटाने फिरवले तर फिरले पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. फिरत नसेल तर गोळी पुढे नळीच्या खाचांना टेकते आहे, किंवा तोंड अजून फाकलेले आहे. कोणते खरे, हे कळण्यासाठी काडतुसावर काळ्या मार्करची शाई फासून पुन्हा आत घालावे. शाई जिथे खरवडते तिथे दोष असतो. त्यानंतर तेच काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोर देऊन दाबावे आणि लांबी पुन्हा मोजावी. गोळी आत सरकली तर पकड कमी आहे, आणि ते काडतूस मॅगझिनमधून वर चढताना आणखी आत जाईल.

दहा_मीटर

मला प्रायमर आणि थांबण्याची शिस्त याबद्दल लिहायचे आहे, कारण प्रोग्रेसिव्ह प्रेसवरचे गंभीर अपघात या दोन जागी होतात.

प्रायमर ही संपूर्ण टेबलावरची एकमेव अशी वस्तू आहे जी नुसत्या आघाताने पेटते. प्रेसच्या नळीत ते साधारण शंभर एकावर एक रचलेले असतात. एक पेटला तर बाकीचे रांगेने पेटतात. म्हणून नळीभोवती पोलादी कवच असलेली प्रेस घ्यावी, ते कवच कधीही काढून काम करू नये, आणि नळीत प्रायमर अडकला तर वरून सळई घालून ठोकू नये. प्रायमर बसवताना नेहमीपेक्षा वेगळा विरोध लागला तर जोर लावू नये. तिथे बहुतेक वेळा तिरपा प्रायमर असतो किंवा सैनिकी बनावटीची पुंगळी असते, जिच्यात जुन्या प्रायमरभोवती पितळेची कडा दाबलेली असते आणि ती आधी वेगळ्या साधनाने काढून टाकावी लागते. बुडावर वर्तुळात अधिकचिन्ह दिसले तर ती पुंगळी नाटो बनावटीची समजून बाजूला काढावी. मध्ये एकाऐवजी दोन लहान भोके असलेली बर्डन प्रकारची पुंगळीही निवडतानाच वगळावी, नाहीतर पहिल्या डायची पिन मोडते. .३८० ऑटोची पुंगळी ९ मि.मी.च्या ढिगात हमखास मिसळते. तिची कमाल लांबी १७.२७ मि.मी. आणि आपली १९.१५, त्यामुळे दुसऱ्या स्टेशनवर तिचे तोंड फाकत नाही आणि गोळी तिच्यावर उभी राहत नाही. गोळी उभी राहत नसेल तर ती दाबून बसवू नका, पुंगळीचे बूड वाचा. डोळ्यांवर चष्मा असावा हे सांगायला नको, पण सांगतो.

आता थांबण्याविषयी. दांडा एकदा सुरू केला की पूर्ण खाली आणि पूर्ण मागे, हीच एक हालचाल मानावी. अर्ध्यावरून परत फिरले तर काही मापकांमध्ये त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडू शकते, आणि प्लेट हाताने फिरवण्याच्या प्रेसवर तर नुसते फिरवायचे विसरले तरी तेच होते. तुमची प्लेट आपोआप सरकते म्हणून तो धोका गेला असे समजू नये. काहीतरी अडकते, आपण दांडा अर्धा मागे-पुढे करतो, हाताने प्लेट सोडवतो, आणि त्या गडबडीत कोणती पुंगळी कुठवर आली होती याचा हिशेब सुटतो. म्हणून अडथळा कोणताही असो, दांडा स्थिर करावा, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनवरच्या पुंगळ्या काढून त्यांतली पावडर परत ओतावी, चौथ्यावर गोळी ठेवलेली पण न बसवलेली पुंगळी असेल तर तीही रिकामी करावी, आणि मगच अडथळ्याचे कारण शोधावे. आधी कारण शोधून मग पुंगळ्या आठवायच्या, असा उलटा क्रम नको. दारावरची घंटा वाजली तरी हाच नियम. उठण्यापूर्वी चालू ओढ पूर्ण करून दांडा वर ठेवावा आणि परत आल्यावर दुसऱ्या स्टेशनवरच्या पुंगळीत आधी पाहावे.

पावडर न पडलेल्या काडतुसाची भीती लोकांना कमी वाटते, कारण त्याचा आवाज फुसका असतो. पण एकटा प्रायमरही गोळीला ढकलून नळीत अडकवतो, आणि त्यामागून झाडलेली पुढची गोळी नळी फोडू शकते. मैदानावर आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला, तर थांबावे, पिस्तूल रिकामे करावे आणि नळीतून आरपार दिसते का ते पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये.

काठावरचा_नेम

दहा मीटर यांनी एक गोष्ट सोडली, ती जोडतो. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसे असते आणि कोरड्या टंबलरमधून (पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या यंत्रातून) पुंगळ्या चाळताना उडणाऱ्या धुळीत ते असतेच. चाळणे घराबाहेर करावे, टेबलावर खाणेपिणे ठेवू नये आणि काम संपल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुवावेत. लहान मुले ज्या खोलीत खेळतात तिथे हे काम नकोच.

पितळी_पुंगळी

बोल्ट खरोखर जास्त आवळलेला होता. तो थोडा सैल केल्यावर पावडर उडणे थांबले आणि एकाच बनावटीच्या पुंगळ्यांवर लांबीतला फरक ०.०५ मि.मी.वर आला. आता पहिल्या थोड्या खऱ्या काडतुसांत तीन-चारांचे प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहिलेले बोटाला लागतात. ती तशीच प्रेसमध्ये घालून पुन्हा दाबता येतील का?

दहा_मीटर

नाही. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा दाबायचा नसतो. आत पावडर आहे, पुढे गोळी आहे आणि तुमचा चेहरा वर आहे. गोळी काढण्याच्या साधनाने, त्याच्यासोबत आलेल्या पकडीतच बसवून, ती काडतुसे उघडावीत आणि पावडर टाकून द्यावी. तशीच झाडली तर पिस्तुलात बहुतेक वेळा पहिला आघात प्रायमर आत बसवण्यातच खर्च होतो आणि काडतूस पेटत नाही, रिव्हॉल्व्हरमध्ये तर चक्रच अडते.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा साधारण ०.०८ ते ०.१३ मि.मी. आत असावा. बोटाचे टोक फिरवले की हलका खड्डा लागला पाहिजे. प्रत्येक तयार काडतूस डब्यात टाकण्याआधी उलटे करून हा स्पर्श घ्यावा. तुमच्याकडे टेबल पक्के आहे, त्यामुळे आधी खाचेतली काजळी आणि प्रायमर बसवणाऱ्या कांडीखाली पडलेले पावडरचे दाणे पाहा. प्लेट अडखळत होती तेव्हाचेच दाणे अजून तिथे असण्याची शक्यता जास्त आहे. त्यानंतरही वर राहत असतील तर दांडा मागे ढकलताना शेवटी जो थांबा लागतो, तिथे हात लगेच सोडत आहात का ते पाहा. तिथे क्षणभर ठाम दाब ठेवावा लागतो.